बेगोनियाचा शेजार

बागेत कोणते रोप कोणाच्या शेजारी लावावे, हा प्रश्न बहुधा रंगसंगतीचा म्हणून हाताळला जातो. तांबूस पानाजवळ रुपेरी पान, गुलाबी फुलाजवळ पांढरे फूल, उंच रोपाच्या पायाशी ठेंगणे रोप, असा हिशेब मांडून वाफा सजविण्याचा परिपाठ आपल्याकडे चांगला रुळला आहे, आणि झेंडू, साल्व्हिया, शेवंती यांसारख्या काटक वनस्पतींपुरता तो निभावूनही जातो. बेगोनियाला मात्र तो पुरत नाही. या वनस्पतीची मुळे बारीक व मातीच्या वरच्या थरातच पसरणारी, देठ रसाळ, पान कोवळे; ओल हटली तर ती सुकते, ओल साचली तर कुजते, आणि या दोन संकटांमधली जी अरुंद पट्टी तिच्या वाट्याला येते तीत तिच्याबरोबर कोण राहते, यावर तिचे आयुष्य बव्हंशी अवलंबून असते. म्हणून बेगोनियाचे सोबती निवडताना पाण्याची सवय प्रथम, मुळांचा स्वभाव त्यानंतर, हवा खेळण्यास लागणारी जागा त्याच्याही मागून, आणि रंग सर्वांत शेवटी, असा क्रम मी मानतो. आणि या विषयात जे सल्ले सर्रास दिले जातात त्यांची छाननी येथे याच क्रमाच्या आधारे करण्याचा विचार आहे.

छाननीची गरज वाटण्याचे एक विशेष कारण आहे. बेगोनियाविषयीचे बागकामाचे वाङ्मय मुख्यत्वे शीत हवेच्या देशांत सिद्ध झाले. तेथे हिमतुषारांची भीती सरली की रोपे बाहेर येतात, मंद उन्हाच्या उन्हाळ्यात फुलतात, आणि लोबेलिया, ॲलिसम, फ्यूशिया ही मंडळी त्याच हंगामात त्याच उन्हात बहरत असल्यामुळे त्यांची सोबत बेगोनियाला सहज मानवते. आपल्या मुलखात हंगामांचा क्रमच निराळा. लोबेलिया आणि ॲलिसम आपल्याकडे हिवाळी पाहुणे. चैत्र लागला की त्यांचा मुक्काम संपला. फ्यूशिया महाबळेश्वरासारख्या थंड ठिकाणाखेरीज नीट टिकत नाही. इकडे बेगोनियाचे वैरी दोन: देशावर एप्रिल-मेच्या दुपारची कोरडी झळ, आणि सर्वत्र आषाढ-श्रावणातली न संपणारी ओल. पुण्यास वर्षाकाठी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तर तेथून एका दिवसात जाऊन येता येईल अशा महाबळेश्वरास 5,500 मिलिमीटरहून अधिक. तेव्हा पुण्याच्या गच्चीवर निभावलेली जोडी घाटमाथ्यावर निभावेलच असे गृहीत धरणेही धोक्याचे आहे. परक्या हवेतल्या यादीचे शब्दशः अनुसरण करण्यापेक्षा आपल्याच डोंगरात बेगोनिया कोणाच्या संगतीत राहते हे आधी पाहावे, हे अधिक सयुक्तिक होय.

आणि ती आपल्या डोंगरात राहते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कुंडीतल्या रोपांचे परदेशी नाव ऐकून ही सगळी जातच परकी असावी अशी समजूत होते; वस्तुतः बेगोनिया क्रेनाटा ही सह्याद्रीतली रहिवासी असून ड्रायांडर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1791 साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढे 1861 साली डाल्झेल व गिब्सन यांनी आपल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिसूचीत आणि विसाव्या शतकाच्या आरंभी थिओडोर कुकने आपल्या विस्तृत ग्रंथात या प्रांतातील बेगोनियांची दखल घेतली. पहिला पाऊस मुरला की माथेरान, लोणावळा, महाबळेश्वर, आंबोली या बाजूंच्या ओल्या कातळांवर, रस्त्यासाठी कापलेल्या दरडींवर आणि जुन्या भिंतींच्या सांध्यांत तिची दातेरी, एका अंगाला झुकलेली पाने दिसू लागतात; श्रावण-भाद्रपदात फिकट गुलाबी फुले येतात, त्यांत नर आणि मादी फूल वेगवेगळे, मादी फुलामागे पंखधारी बीजकोश; आणि पाऊस सरून कातळ कोरडा पडू लागला की पाने गळून सगळा संसार एका लहानशा कंदात आवरला जातो. पुढचे सात-आठ महिने त्या दरडीवर ती होती याचा मागमूस राहत नाही.

या दरडीसमोर पाच मिनिटे उभे राहिले तरी सोबतीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती लागते. बेगोनियाच्या अवतीभवती शेवाळाचा पातळ गालिचा असतो, त्यात सेलाजिनेलाची नाजूक हिरवी जाळी, कपारीत हंसराज या नेच्याचे काळ्या देठांचे झुबके, पाझराच्या कडेने तेरड्याच्या लहान जाती, जरा मोकळ्या जागी निळीजांभळी आभाळी. या सर्व मंडळींत एक गोष्ट समान आहे: कोणाचीही मुळे खोल वा दांडगी नाहीत, कोणाचेही पान दुसऱ्याला झाकून टाकण्याइतके मोठे नाही, आणि सगळ्यांचा हंगाम पावसाबरोबर सुरू होऊन पावसाबरोबर संपतो. त्याहूनही महत्त्वाची बाब जमिनीची. सह्याद्रीत इतका पाऊस पडत असूनही ही रसाळ देठाची वनस्पती कुजत नाही, याचे कारण ती उभ्या कातळावर राहते. पाणी तिच्या मुळांवरून वाहते, मुळांशी थांबत नाही, आणि दरीतून वर येणारा वारा पानांवर ओल साचू देत नाही. सपाट वाफ्यात, काळ्या चिकण मातीत, चारी बाजूंनी दाटीवाटीने लावलेल्या सोबत्यांच्या मध्ये आपण तीच वनस्पती बसवितो तेव्हा तिच्या निसर्गदत्त संरक्षणाचे दोन्ही आधार काढून घेतलेले असतात. बागेतला सोबती हे आधार तिला कितपत परत देतो, ही त्याची खरी परीक्षा.

आता या कुळाचा विस्तार इतका मोठा आहे की सर्वांना मिळून एकच उत्तर देणे शक्य नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मोपदेशक-वनस्पतिज्ञाने वेस्ट इंडीज बेटांत या वनस्पती पाहिल्या आणि मिशेल बेगाँ या फ्रेंच वसाहतीच्या वरिष्ठ अंमलदाराच्या सन्मानार्थ त्यांना नाव दिले. तेव्हापासून आजपर्यंत दोन हजारांहून अधिक जातींची नोंद झाली असून सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या प्रजातींत तिची गणना होते. आपल्या बागांत त्यांपैकी चार गट येतात. वाफ्यात वा कुंडीत वर्षभर फुलणारी ठेंगणी वॅक्स बेगोनिया मुळात ब्राझील व त्याच्या आसपासच्या प्रदेशांतील. वेताप्रमाणे पेरे असलेल्या उंच काड्यांची केन बेगोनिया बहुतांशी ब्राझीलच्या जंगलांतील. चित्रविचित्र पानांची रेक्स आपल्या आसामातली, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑर्किडांच्या पेटाऱ्यांबरोबर नकळत युरोपात पोचलेली आणि तेथे तिच्यापासून शेकडो संकर घडविले गेलेली. आणि भरगच्च फुलांची कंदवर्गीय बेगोनिया अँडीज पर्वताच्या गार उंचीवरून आलेली. ज्यांचे माहेर इतके दूरदूरचे, त्यांचे शेजारी एकच असावेत अशी अपेक्षा करणे न्याय्य नव्हे.

वॅक्स बेगोनियापासून आरंभ करू, कारण तीच सर्वांत अधिक लावली जाते. तिच्या तकतकीत जाड पानांमुळे ती इतर बेगोनियांपेक्षा ऊन अधिक सोसते, विशेषतः तांबूस पानांच्या जाती. पुण्या-नाशकाच्या हिवाळ्यात तर सकाळचे चार-पाच तास ऊन तिला हितकारकच ठरते. तिच्या जोडीला सर्वत्र दोन नावे सुचविली जातात, एक कोलियस आणि दुसरे इम्पेशन्स, म्हणजे आपल्या तेरड्याचे आफ्रिकी भावंड. रंगाच्या दृष्टीने दोन्ही जोड्या देखण्या आहेत, याविषयी वाद नाही. परंतु त्यांतली अडचण पाण्याची आहे, आणि ती सांगितली जात नाही. कोलियस आणि इम्पेशन्स या दोघांचीही पाने दुपारच्या उन्हात चटकन मान टाकतात. ते पाहून माळी झारी घेऊन धावतो आणि सबंध वाफ्याला पाणी देतो. बेगोनियाच्या देठात पाण्याचा साठा असतो, तिला त्या वेळी तहान लागलेली नसते. कोलियसने मागितलेले पाणी तिला निमूटपणे सोसावे लागते. असे आठवडाभर चालले की तिचा देठ मातीलगत मऊ व काळसर होतो, पान पिवळे पडते, आणि सुकल्यासारखी दिसते म्हणून तिला आणखी पाणी घातले जाते. मूळकूज करणाऱ्या बुरशीला याहून अनुकूल तजवीज दुसरी नाही.

याचा अर्थ ही जोडी सर्वस्वी वर्ज्य करावी असा नव्हे. कोलियस कुंडीसकट वाफ्यात पुरून ठेवला, म्हणजे त्याचे पाणी त्याच्या कुंडीपुरते राहते, आणि वेळोवेळी शेंडे खुडून त्याला आटोक्यात ठेवले, तर त्याची सोबत बिनबोभाट चालते. इम्पेशन्सच्या बाबतीत माझे मत अधिक कडक आहे. मार्गशीर्ष ते माघ या थंड व कोरड्या महिन्यांत देशावर तो चालेल. पावसाळ्यात कोकणपट्टीत त्याची दाट, पाणीदार वाढ बेगोनियाच्या पानांखालून हवा फिरू देत नाही. शिवाय फुलकिड्यांमार्फत पसरणारा एक विषाणूजन्य रोग या दोहोंना सारखाच होतो, त्यामुळे एकाला लागण झाली की दुसरे आयतेच त्याच्या पंगतीत बसलेले असते. हिवाळी वाफ्यासाठी मी ॲलिसम पसंत करतो. त्याची मुळे हलकी, उंची बेताची, पाण्याची मागणी थोडी, आणि ऊन वाढून ते संपते तेव्हा बेगोनियाला सावलीच्या कुंड्यांत हलविण्याची वेळ आलेलीच असते. टोरेनियाही चांगली, तिचा निळाजांभळा रंग बेगोनियाच्या कोणत्याही छटेशी विसंगत होत नाही आणि ती अर्धसावलीत राजीखुशीने फुलते.

केन बेगोनियाची गरज वेगळ्या स्वरूपाची. तिच्या काड्या चार-पाच फूट उंच वाढतात, ठिपकेदार पाने आणि फुलांचे लोंबते घोस वरच्या भागात राहतात, आणि पायथा कालांतराने उघडा पडतो. हा उघडा पायथा झाकण्यासाठी सोबती हवा, असे सर्वजण म्हणतात. पण त्याच पायथ्यातून, जमिनीलगतच्या डोळ्यांतून, नव्या काड्या फुटतात, आणि तो पार झाकला गेला तर जुन्या काड्या मोडल्यावर रोपाची परंपरा खंडित होते. सबब येथे आच्छादन विरळ व गवतासारखे उभे असावे. नर्सरीत मंकी ग्रास म्हणून मिळणारे ऑफिओपोगॉन याकरिता मला सर्वोत्तम वाटते. त्याची पाती अरुंद, त्यांतून वारा आणि प्रकाश दोन्ही आरपार जातात, आणि पावसाळ्यात त्याचे काही बिघडत नाही. स्पायडर प्लांट म्हणजे क्लोरोफायटम दिसायला याहून उजवे. तथापि त्याची जाड मांसल मुळे दोन वर्षांत कुंडीचा ताबा घेतात, म्हणून त्याला मोठ्या वाफ्यातच जागा द्यावी. पेपरोमियाच्या ठेंगण्या जाती लहान कुंडीत शोभतात, आणि त्यांची माती मधूनमधून कोरडी व्हावी लागते, ही सवय केन बेगोनियाशी नेमकी जुळते.

कॅलॅडियमचा उल्लेख येथेच करावा लागेल, कारण केन बेगोनिया आणि कॅलॅडियम ही जोडी पुण्यामुंबईच्या सावलीच्या बागांत फार दिसते व ती दिसते तेव्हा डोळे निवतात. कॅलॅडियमचा कंद उन्हाळ्याच्या अखेरीस जागा होतो, पावसाळाभर मोठाली पाने मिरवितो आणि दिवाळीनंतर झोपी जातो. म्हणजे हिवाळ्यात, बेगोनिया ताठ उभी असताना, तिच्या शेजारची जागा रिकामी होते, आणि मातीत राहिलेल्या निद्रिस्त कंदाला त्या काळात पाणी अजिबात नको असते. एकाच कुंडीत दोघे असतील तर एकाला उपास घडतो किंवा दुसऱ्याचा कंद कुजतो. वेगवेगळ्या कुंड्यांत लावून कुंड्या जवळजवळ ठेवल्या, की पावसाळ्यात जोडीचे सौंदर्य मिळते आणि कार्तिकात कॅलॅडियमची कुंडी उचलून कोरड्या कोपऱ्यात ठेवता येते. घरी गाईचे वासरू, मांजर किंवा कुत्रे मोकळे फिरत असेल तर या दोन्ही वनस्पती त्याच्या तोंडापासून दूर ठेवाव्यात, कारण दोहोंतही ऑक्झॅलेटे असतात.

रेक्स बेगोनियापाशी मात्र थोडे अधिक थांबले पाहिजे. तिचे फूल नगण्य आणि पान सर्वस्व. रुपेरी, जांभळे, गडद मखमली लाल, काळपट हिरवे, असे पट्टे एका पानावर उमटलेले असतात की शेजारी आणखी कोणतेही नक्षीदार पान ठेवणे हा तिचा उपमर्द होईल. फिटोनिया, कॅलॅथिया, ठिपक्यांचा हायपोएस्टिस यांची नावे तिच्या सोबतीसाठी घेतली जातात. त्या सर्व वनस्पती आपापल्या ठिकाणी सुंदर आहेत, परंतु दोन चित्रे एकमेकांवर चढवून टांगण्यात शोभा नाही. रेक्सला एकरंगी, बारीक पोताचा, शांत हिरवा शेजारी हवा, आणि त्या दृष्टीने हंसराज हाच अव्वल. त्याच्या काळ्या तारेसारख्या देठांवरची नाजूक पाने रेक्सच्या रुंद पानाला जो उठाव देतात तो अन्य कोणी देत नाही, आणि सह्याद्रीच्या दरडीवर याच दोन घराण्यांचा शेजार पुरातन आहे, हेही आपण पाहिले.

तरीही हंसराज आणि रेक्स यांना एका कुंडीत बसविण्यास माझा विरोध आहे, आणि त्याची कारणे दोन. पहिले पुन्हा पाण्याचेच. हंसराजाची माती एकदा जरी पूर्ण सुकली तर त्याची पाने करपतात. रेक्सला दोन पाण्यांच्या मध्ये मातीचा वरचा थर सुकलेला हवा. दुसरे कारण कमी परिचित आहे, म्हणून तपशिलाने सांगतो. पानांत राहणारे काही सूक्ष्म सूत्रकृमी बेगोनिया आणि नेचे या दोघांवरही जगतात. पानावर पाण्याचा पातळ थर असेल तर ते त्यातून पोहत एका पानावरून शेजारच्या पानावर जातात. नेच्याच्या पानावर शिरांनी आखल्यासारखे तपकिरी पट्टे पडतात, बेगोनियाच्या पानावर पिंगट डाग पसरत जाऊन पान वाळते. पाने एकमेकांना टेकलेली असणे आणि झारीने वरून पाणी घालणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की या कृमींना राजमार्ग खुला होतो. उपाय साधा आहे: कुंड्या वेगळ्या, पानांत वीतभर अंतर, पाणी बुंध्याशी, आणि डागाळलेले पान दिसताच तोडून जाळणे. हा बंदोबस्त ठेवला तर हंसराजाची सोबत निर्धास्तपणे घ्यावी. बागायतीतले काही जाणकार अशा वेळी झेंडू लावण्याचा सल्ला देतात. झेंडूचा गुण मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींपुरता आहे, पानांतल्या कृमींवर त्याची मात्रा चालत नाही, आणि ज्या सावलीत रेक्स राहते तीत झेंडू फुलतही नाही.

रेक्सची खोडे मातीच्या पृष्ठभागावरून आडवी सरपटतात आणि ती उघडी राहणे आवश्यक असते. ट्रॅडेस्कँशिया, पायलिया यांसारखे पेरापेराला मुळे सोडत जाणारे सोबती लावले की महिना-दोन महिन्यांत त्यांची जाळी त्या आडव्या खोडावर चढते, खाली ओल कोंडते, आणि वरून सगळे हिरवेगार दिसत असताना आत खोड कुजत असते. टोपलीतून खाली लोंबणारी ट्रॅडेस्कँशिया कितीही मोहक असली तरी तिची टोपली वेगळी टांगावी. शेवाळ मात्र निरुपद्रवी आहे. पावसाळ्यात ते कुंडीत आपोआप आले तर खरवडून काढू नये, फक्त खोडावर चढू देऊ नये.

आतापर्यंत पायाशी असणाऱ्या सोबत्यांचा विचार झाला. परंतु बेगोनियाचा सर्वांत प्रभावी सोबती डोक्यावर असतो, आणि त्याची निवड बहुतेक वेळा आपल्या आधी दुसऱ्या कोणी करून ठेवलेली असते. जुन्या बंगल्याच्या आवारातला आंबा घट्ट सावली देतो, खाली फार अंधार होतो, शिवाय तुडतुड्यांच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी बुरशी खालच्या पानांवर बसते. रबराचे झाड, वड-पिंपळाचे वंशज आणि बांबू यांची मुळे उथळ व अतिक्रमक. त्यांच्याखाली जमिनीत बेगोनिया लावणे म्हणजे तिला उपाशी ठेवणे होय, तेथे विटांवर उचलून धरलेली कुंडीच हवी, नाहीतर कुंडीच्या तळाच्या छिद्रातून झाडाची मुळे आत शिरतात. सोनचाफ्याची सावली मध्यम आणि हवेशीर. शेवग्याची सावली चाळणीतून आल्यासारखी विरळ व हलती, केन बेगोनियाला अत्यंत मानवणारी, पण त्यावर सुरवंट येतात त्या दिवसांत खाली वावरणे कठीण. पश्चिमेच्या बाजूस डाळिंब किंवा कडीपत्त्याची ओळ असली तर ती दुपारचे तिरपे ऊन अडविते, आणि देशावरच्या वैशाखात बेगोनियाला वाचविण्याचे काम ही साधी ओळ कोणत्याही शेडनेटइतके करते. इमारतीच्या सज्जाखाली कुंड्या ठेवणाऱ्यांनी पागोळ्यांची रेषा तेवढी टाळावी. वरून सतत पडणारी धार कोवळी पाने फाडते आणि मातीचे शिंतोडे उडवून पानांवर रोग नेऊन पोचविते.

सावलीच्या झाडांचा आदर्श पाहायचा असेल तर कोकणात आणि गोव्यात जावे. गोव्यात ज्याला कुळागर म्हणतात ते डोंगराच्या कुशीतले, पाटाच्या पाण्यावर पोसलेले सुपारीचे आगर. वर माड-सुपारीचे उंच छत्र, त्यावर चढलेली मिरी, मध्ये केळी, खाली अननस, वेलदोडा, हळद. सुपारीच्या झावळ्यांतून गाळून येणारा प्रकाश, पाटाच्या पाण्याने भारलेली हवा आणि उतारावरच्या जांभ्याच्या मातीतून लगोलग निचरणारे पाणी, ही त्रयी बेगोनियाला जितकी अनुकूल तितकी शहरातली कोणतीही कृत्रिम रचना होत नाही. घराजवळच्या जांभ्या दगडाच्या गडग्यावर, त्या दगडांच्या सांध्यांत पालापाचोळ्याचे खत भरून केन वा वॅक्स बेगोनिया आणि लहान नेचे लावले, तर सह्याद्रीच्या दरडीची घडण घरच्या घरी तयार होते. देशावर जांभा नसतो, तेथे काळ्या दगडाचा उतरता बांध रचून त्याच्या फटींत पोयटा, वाळू आणि कुजलेला पाला समभाग भरावा. सपाट वाफ्यात चार सोबती निवडण्यापेक्षा असा एक बांध घालणे अधिक फलदायी ठरते, कारण त्यावर निचऱ्याची चिंता मिटते आणि पुष्कळ भांडखोर जोड्याही समजुतीने नांदतात.

कंदवर्गीय बेगोनियाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. गार रात्री तिला अत्यावश्यक असतात, दिवस आखूड झाला की ती कंदात परतते, आणि सपाटीवरच्या महाराष्ट्रात तिचा निभाव क्वचितच लागतो. महाबळेश्वर-पाचगणीस, किंवा त्याहून अधिक दार्जिलिंग, कालिंपोंग, उटी या बाजूंस ती खुलते; आणि जेथे ती खुलते तेथे तिच्या फुलाचा भार एवढा असतो की सोबतीला एक-दोन नेच्यांखेरीज काही नको. बेल्जियममध्ये गेंटजवळच्या लोख्रिस्टी गावात तिची शेतेच्या शेते लावली जात, तीही एकटीचीच.

कोणाला दूर ठेवावे हेही स्पष्ट सांगितलेले बरे. रस्त्याकडेने सर्वत्र पसरलेली पिवळ्या फुलांची वेडेलिया, सिंगोनियम, मनी प्लांट आणि बोस्टन फर्न ही चारही सावलीत उत्तम वाढतात, स्वस्त मिळतात, आणि म्हणूनच नर्सरीवाले बेगोनियाबरोबर ती हटकून सुचवितात. पहिल्या तीन वेली आहेत आणि एका पावसाळ्यात बेगोनियाची जागा गिळतात. बोस्टन फर्न वेल नाही, पण त्याचे धागे मातीतून व मातीवरून धावत जाऊन जेथे टेकतील तेथे नवे रोप उभे करतात. टांगत्या टोपलीत तो राजस, वाफ्यात तो निखळ दंडेलशाही. तुळस, पानओवा, गुलाब यांना ऊन हवे, त्यांचा येथे प्रश्नच येत नाही.

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर वर्षी जानेवारीच्या उत्तरार्धात पुष्पप्रदर्शन भरते, आणि परदेशी संकरांची पाने पाहण्यासाठी तेथे गर्दी लोटते. अशा मांडणीत आपल्या दरडीवरच्या बेगोनिया क्रेनाटाला जागा मिळणे अवघड, कारण त्या दिवसांत ती मातीखाली निजलेली असते; परंतु घरच्या बागेत तिला स्थान द्यावे असे मला मनापासून वाटते, आणि तिच्यासाठी सोबती शोधावेच लागत नाहीत. डोंगरावरून रोप उपटून आणणे हा मार्ग मी त्याज्य मानतो. 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या पश्चिम घाटाच्या कास पठारासारख्या क्षेत्रांत तर त्याचा विचारही करू नये. गावाजवळच्या, आधीच खणल्या जाणाऱ्या दरडीवरचे दोन पिकलेले बीजकोश भाद्रपद-आश्विनात कागदाच्या पुडीत घेतले तरी पुरते, कारण त्यांतले बी भुकटीइतके बारीक असते. ते कोरड्या जागी राखून ज्येष्ठात, उथळ मातीच्या परळात, विटांचा चुरा, वाळू आणि चाळलेला पालाखताचा भुगा यांच्या मिश्रणावर नुसते भुरभुरावे, वर माती टाकू नये, आणि परळ पाण्याच्या ताटात ठेवून खालून ओल द्यावी. त्याच परळात शेवाळाचा एक तुकडा, आभाळीचे एक-दोन कंद आणि कडेला तेरड्याचे चार दाणे टाकावेत. पहिल्या वर्षी बेगोनियाला फूल येईलच असे नाही, ती कंद भरण्यात गुंतलेली असते. दसऱ्यानंतर पाने पिवळी पडू लागली की पाणी क्रमाक्रमाने तोडावे, तेरडा वाळला की कापून टाकावा, उपटू मात्र नये, कारण उपटताना मोहरीएवढे कोवळे कंद त्याच्या मुळांबरोबर वर येतात. आणि परळ माती न हलविता पुढच्या मृगापर्यंत सावलीत, उंदरांपासून जपून, कोरडा ठेवावा.